समासातल्या शमीम बाजी

शमीम बाजी मागच्या उन्हाळ्यात अकोल्याला लेकीकडे वारल्या. त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात उत्तरपत्रिका तपासत होते. "बरं," म्हणाले, फोन ठेवला आणि उरलेला गठ्ठा तपासून संपवला. घरी येऊन कुकर लावला. रडू येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही आलेलं नाही. बाजी गेल्या हे मला ठाऊक आहे, पण ते अंगात उतरलेलं नाही. उतरावं म्हणून लिहायला बसले आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या नेरमध्ये बाजी, म्हणजे सगळ्यांच्या थोरल्या ताई, नेमकं करतात काय, हे कुणालाच धड माहीत नव्हतं. कुणी म्हणे, डॉक्टरांची इंग्रजी पत्रं लिहून देतात. कुणी म्हणे, फॉरेनच्या कंपनीत आहेत, पण कंपनीने घरी बसवलंय. खरं काम असं होतं. जगभरचे डॉक्टर आणि संशोधक आपल्या अभ्यासावर लेख लिहून वैद्यकाच्या नियतकालिकांना पाठवतात. त्याला ते पेपर म्हणतात. बरेच पेपर परत येतात. भाषा कळत नाही, केलं काय आणि सापडलं काय याचा मेळ बसत नाही, जाणकाराकडून संपादन करून घ्या, असं वर लिहिलेलं असतं. त्या जाणकारांपैकी एक बाजी. अमरावतीहून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या. चेन्नईच्या एका कंपनीमार्फत जपान, ब्राझील, तुर्कस्तान कुठकुठले पेपर त्यांच्याकडे यायचे, आणि त्या ते नेरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत, नवऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत बसून सुधारायच्या.

खाली रऊफभाईंचं दुकान होतं, विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी रिवाइंड करायचं, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळायचं. कापसाच्या हंगामात तिथे पाय ठेवायला जागा नसे. वर सगळीकडे वार्निशचा वास. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, सकाळचं कॉलेज. दुपारी बाजींकडे काम शिकायला जाऊ लागले आणि मग तिथलीच झाले. दोन टेबलं, दोन लॅपटॉप, एक इन्व्हर्टर. बाजी वाचताना ओढणीचं टोक दातात धरायच्या. वाक्य पुटपुटून पाहायच्या. आवडलं तर "चालते" म्हणायच्या. "छान" हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही, माझ्या लग्नातसुद्धा. नवऱ्या मुलाकडे खालून वर पाहून त्या म्हणाल्या, "चालते."

संपादन म्हणजे स्वल्पविराम टाकणं, असं मला पहिल्या आठवड्यात वाटत होतं. ते काम बाजी शेंगदाणे खाता खाता करायच्या. खरं काम समासात. पानाच्या कडेला लेखकाला प्रश्न लिहायचा. हे औषध किती वेळाने दिलं? हा आकडा वर वेगळा आहे, खाली वेगळा, खरा कोणता? आणि तिथे त्यांचा एकच कायदा होता.

"आपून इचाराचं, वर्षा. भराचं त्यायनं."

"बाजी, पण उत्तर उघडच दिसतंय. मी भरून टाकते ना."

"तुले दिसते. तू होती का तिथं?"

मी नव्हते.

हा कायदा त्या गल्लीतही चालवत. शेजारची रुक्मिणीकाकू सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन आली होती. बाजींनी तो दोनदा वाचला.

"इथं लिहिलं का गाठ दिसते. कायची, थे नाही लिहिलं. डॉक्टरले इचार, कायची गाठ हाय म्हना. आन् त्यानं सांगेपर्यंत उठू नको."

"तुमाले का वाटते बाजी?"

"मले वाटून काय फायदा? म्हन बरं, काय इचारशीन?"

आणि त्या बाईकडून प्रश्न पाठ करून घेतला, पाढे घ्यावेत तसा. रुक्मिणीकाकूला हवा होता धीर, मिळाला गृहपाठ. ती तोंड फुगवून गेली. पण विचारून आली, आणि गाठ साधी निघाली तेव्हा पहिला पेढा बाजींकडेच आला.

उंदरांची गोष्ट सांगायलाच हवी. तुर्कस्तानातल्या एका संशोधकाचा पेपर होता. तो तीन ठिकाणांहून परत आलेला. भाषा गचाळ होती, ती आम्ही धुऊन काढली. पण सुरुवातीला उंदरांचे तीन पिंजरे होते आणि निकालात दोनच. बाजींनी समासात विचारलं, तिसऱ्या पिंजऱ्यातल्या उंदरांचं काय झालं? उत्तर आलं, तो भाग महत्त्वाचा नाही. बाजींनी तोच प्रश्न पुन्हा लिहिला. मग बरेच दिवस काहीच नाही. बाजींचं जेवणात लक्ष लागेना.

"कुठं गेले असतीन वं थे उंदीर?"

रऊफभाई पोळी मोडत म्हणाले, "अव, मांजरीनं खाल्ले असतीन. जेव तू."

शेवटी त्या माणसाने लिहिलं. उंदरांच्या खोलीतला एसी सुट्टीच्या दिवशी बंद पडला होता, आणि त्या पिंजऱ्यातले सगळे मेले. त्याला लाज वाटली म्हणून त्याने ते लिहिलंच नव्हतं. बाजींनी कळवलं, हेच लिहा. त्याने लिहिलं आणि पेपर चौथ्या ठिकाणी लागला. तपासणाऱ्यांनी त्या खुलाशाबद्दल त्याला शाबासकीही दिली. बाजींचं म्हणणं साधं होतं. "मेलेला उंदीर चालते. हरवलेला नाही चालत." हे वाक्य त्या पुढे कुणालाही ऐकवायच्या, भाजीवाल्यालासुद्धा. त्याला काय कळायचं कुणास ठाऊक.

यवतमाळचे डॉक्टरही यायचे. बढतीला पेपर लागतात. एक मोठे डॉक्टर, नाव नको, गाडी घेऊन आले आणि म्हणाले, रुग्णांची माहिती मी देतो, चर्चेचा भाग तुम्हीच लिहून टाका, तुम्हाला तर सगळं येतं.

"येते सर," बाजी म्हणाल्या, "पन मी थो आजार पाह्यला नाही."

"मग तुमचा उपयोग काय?"

आता भांडण होणार, असं मला वाटलं. तेवढ्यात रऊफभाई चहा घेऊन वर आले. काळे हात, कपाची कड तेवढी पुसलेली. "सर," ते म्हणाले, "मी मोटार बांधून देतो. पानी तुमच्याच विहिरीतलं लागते." डॉक्टर हसले. चहा प्यायले, गेले, आणि महिनाभराने स्वतः लिहून घेऊन आले. वाईट लिहिलं होतं, पण होतं त्यांचं. बाजींनी ते सरळ केलं, आणि ते छापून आलं.

रऊफभाई असे होते. बाजींना हसवणारा माणूस तो एकटाच. ते गेले पावसाळ्यात.

उकाडा होता, ते फरशीवर चटई टाकून झोपले. पहाटे पोटात दुखायला लागलं. आदल्या दिवशी लग्नात जेवले होते, तेच बाधलं असं सगळ्यांना वाटलं. दवाखान्यात नेलं. कोणत्या, ते लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती, फार थोडी होती. पित्ताचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. उजाडता उजाडता बाजींना दिसलं की नवऱ्याच्या पापण्या उघडत नाहीत. उघडायला सांगितलं तर तो कपाळ वर ओढतो, पापण्या तिथेच. त्या उठून ड्यूटीवरच्या डॉक्टरकडे गेल्या आणि सांगितलं. तो म्हणाला, रात्रभर जागे आहेत, झोप येत असेल. बऱ्याच वेळाने श्वास अडकायला लागला तेव्हा धावपळ झाली, मोठ्या दवाखान्यात हलवलं, श्वासाचं मशीन लावलं. त्याच दुपारी शेजाऱ्यांनी घरातली चटई उचलली, तर भिंतीच्या कडेला मण्यार साप. मण्यारीचा दंश दुखत नाही, दातांची खूणही दिसत नाही. पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात, मग श्वास. हे नंतर सगळ्या नेरला पाठ झालं. रऊफभाई मशीनवरून परत आले नाहीत.

बाजी रडल्या नाहीत. लोकांनी रडवायचा प्रयत्न केला, आपल्याकडे करतात तसा. रुक्मिणीकाकूने गळ्यात पडून हंबरडा फोडला, बाजींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि पाणी दिलं. इद्दत सुरू झाली. नवरा गेलेल्या बाईने काही महिने घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषांसमोर यायचं नाही. बाजींचं काम तसंही घरातच. थोड्या दिवसांनी मी दुपारी गेले तर लॅपटॉप उघडा, ओढणीचं टोक दातात.

"बाजी, एवढ्यात कशाला?"

"मग काय करू? मले काहीच वाटून नाही राह्यलं, वर्षा. हात पाय दुसऱ्याचे असल्यासारखे वाटते. काम तं होऊन राह्यलं."

मलाही तसंच होत होतं. खालून मोटारी ठोकण्याचा आवाज येत नव्हता आणि त्या शांततेचं काय करायचं ते आम्हा दोघींना कळत नव्हतं. आम्ही स्वल्पविराम टाकत बसलो.

मग पंकज डॉक्टरांची मेल आली. तोच तरुण डॉक्टर, त्या पहाटे ड्यूटीवर असलेला. पुसदकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. त्याने रऊफभाईंच्या आजारावर पेपर लिहिला होता. पोटदुखी घेऊन आलेला, दंशाची खूण नसलेला मण्यारीचा रुग्ण. एका नियतकालिकाने परत पाठवला होता. यात इतरांनी शिकावं असं काय आहे ते स्पष्ट होत नाही, भाषाही सुधारून घ्या, म्हणून. शिवाय अशा पेपरला घरच्यांची संमती लागते, शेवटचा मजकूर वाचून दिलेली. त्याने लिहिलं होतं, बाजी, तुम्हाला कसं विचारावं कळत नाही. संपादन दुसऱ्या कुणाकडून करून घेतो. तुम्ही संमती तेवढी द्या.

"पाठवा म्हना त्याले," बाजी म्हणाल्या. "मीच करते."

"बाजी, मी करते ना. तुम्ही नका."

"अशा पेपरचं काम आपल्या दोघीत कोनाले जास्त येते?"

पेपरमध्ये नाव नव्हतं. एक पुरुष, वय अमुक, ग्रामीण भागातला. बाजींनी त्या पुरुषाची भाषा सुधारली. क्रम लावला, औषधांची मात्रा तपासायला लावली, लांबलेला भाग कापला. मी शेजारी बसून माझं काम केल्याचं नाटक करत होते. पापण्यांचा उल्लेख आला. पेपरात होतं की सकाळी उशिरा, तपासणीत पापण्या जड झालेल्या आढळल्या. बाजी थांबल्या. समासात लिहिलं, हे लक्षण प्रथम कुणाच्या लक्षात आलं, केव्हा?

उत्तर आलं, वर लिहिल्याप्रमाणे.

बाजींनी दुसरा प्रश्न घातला. त्याआधी नातेवाइकांनी काही सांगितलं होतं का? असल्यास पूर्वेतिहासात लिहावं.

उत्तर आलं, नोंद उपलब्ध नाही.

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. "नोंद नाही कशी? तुम्ही स्वतः जाऊन सांगितलं त्याला! त्याला आठवत नाही होय? बाजी, तुम्ही होता तिथे. दुसऱ्या कुणाचं नाही, तुमचं आहे हे. लिहा ना सरळ!"

बाजींनी ओढणीचं टोक सोडलं. "मी लिहिलं तं थे माहं गाऱ्हानं होईन. त्यानं लिहिलं तं पेपर होईन."

"काय फरक पडतो?"

"महागावले, फुलसावंगीले दवाखान्यात असाच एखादा पोरगा ड्यूटीवर असते. त्याच्यासमोर अशीच एखादी बाई येते, म्हनते पापन्या उघडून नाही राह्यल्या. बाईचं गाऱ्हानं त्यानं रोजच आयकलं असते. डॉक्टरनं लिहिलेलं वाचलं तं उठून पाहीन." मग म्हणाल्या, "नाहीतं याच्यात शिकाचं काय हाय? साप चावला, मानूस मेला. थे तं सगळ्यायलेच माहीत हाय."

आणि त्यांनी तोच प्रश्न तिसऱ्यांदा पाठवला, एक अक्षरही न बदलता. सोबत ना विनंती, ना आठवण, ना टोमणा.

काही दिवस उत्तर आलं नाही. मला रोज वाटायचं, आज तो पेपर मागे घेईल. त्याने तसं केलं असतं तर कुणी काय करणार होतं? त्या पहाटेचा साक्षीदार म्हणून दवाखान्यात दुसरं कुणी नव्हतं. ते वाक्य लिहिलं तर त्यालाच अडचणीचं होतं, वरचे लोक विचारणार होते. न लिहिलं तर बाजींचं त्या पहाटेचं सांगणं कुठेच राहणार नव्हतं. बाजी जेवायच्या, नमाज पढायच्या, ब्राझीलचा पेपर करायच्या. मी विचारलं, राग येतो का? म्हणाल्या, "आला असता तं बरं झालं असतं."

इद्दत संपली त्याच आठवड्यात पंकज डॉक्टर मोटारसायकलवर आला. आधी फोनही नाही. जिना चढून दारात उभा राहिला. मला वाटलं होतं त्यापेक्षा फारच लहान दिसत होता.

"बाजी, त्या दिवशी ड्यूटीवर मीच होतो."

"मले माहीत हाय. बसा."

"तुम्ही मला सांगितलं होतं. मी उठलो नाही." तो बसला नव्हता. "मग तुम्हीच का नाही लिहिलं? मी हो म्हटलं असतं. तुम्ही लिहिलं असतं तर मी नाही म्हणूच शकलो नसतो."

"म्हनूनच नाही लिहिलं."

मी खुर्ची पुढे केली. त्याने बाजींच्याच टेबलाशी बसून, त्यांच्याच लॅपटॉपवर ते वाक्य लिहिलं. दोनदा खोडलं. मग उठून बाजूला झाला. मराठीत सांगायचं तर वाक्य असं होतं. पहाटे रुग्णाच्या पत्नीने त्याच्या पापण्या उघडत नसल्याचं ड्यूटीवरच्या डॉक्टरला, म्हणजे या लेखाच्या पहिल्या लेखकाला, सांगितलं होतं. दुर्दैवाने त्याने तेव्हा रुग्णाची तपासणी केली नाही.

बाजींनी चष्मा लावला, पुटपुटत वाचलं.

"हे 'दुर्दैवानं' काढा."

"बाजी?"

"याच्यात दुर्दैव कुठं हाय? तुमी उठले नाही, एवढंच हाय. तेवढंच ठेवा."

त्याने तो शब्द काढला. बाजी म्हणाल्या, "चालते." मग तो पोरगा तोंड फिरवून खिडकीकडे उभा राहिला आणि त्याचे खांदे हलायला लागले. बाजींनी त्याला पाणी दिलं, रुक्मिणीकाकूला दिलं होतं तसंच.

पेपरबरोबर संपादनाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. या मजकुराचं संपादन अमुकने केलं, असं. मी ते तयार करायला घेतलं आणि बाजींचं नाव टाकलं.

"माहं नको. तुहं टाक."

"सगळं काम तुमचं आहे, बाजी."

"मी आतमधी आहो ना आता," त्या म्हणाल्या. "रुग्णाची पत्नी. आतल्या मानसानं बाहेरून सही नाही करू."

मग मी पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या डोळ्यांनी वाचून काढला, माझं नाव घातलं. संमतीच्या कागदावर बाजींनी सही केली. नातं, पत्नी. पंकज डॉक्टर गेला. मोटारसायकलचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला.

पेपर पुढे छापून आला. मी बाजींना अकोल्याला फोन करून सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि नेरला पाऊस झाला का विचारलं. तोवर लेक येऊन त्यांना तिकडे घेऊन गेली होती. लेक आली त्या दोन दिवसांत मी नागपूरला होते, निरोप घेणं राहून गेलं. म्हणून बाजींचं शेवटचं दिसणं म्हणजे तो डॉक्टर येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवसाचं.

मी नेहमीच्या वेळी गेले. दार उघडं होतं. बाजी पलंगावर आडव्या झाल्या होत्या, कूस वळवून, चष्मा उशाशी. भर दुपारी, कामाच्या वेळी. त्यांना असं झोपलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. बरं वाटलं. आवाज न करता बसले, कोरियाचा एक पेपर उघडला. दोन ओळी वाचल्या आणि माझं लक्ष त्यांच्या डोळ्यांकडे गेलं. पापण्या अगदी मिटलेल्या, जड, हलतच नव्हत्या. मी खुर्चीवरून उठले ते ओरडतच, "बाजी! बाजी!"

त्यांनी डोळे उघडले. दोन्ही, पूर्ण. माझा चेहरा पाहिला आणि मी का ओरडले ते त्यांना न सांगता कळलं. त्यांनी माझा हात धरला, आपल्या डोळ्यांपाशी नेला आणि माझी बोटं पापण्यांवर ठेवली. मग दोनदा डोळे मिटून उघडून दाखवले.

"पाह्यलं ना?" त्या म्हणाल्या. "आता झोपू दे मले."